पखुर्डीचं पाणी

मार्डीचा माळ, ८ मार्च २०२५

अक्का,

हे अक्षर बघून तू दचकशील. हा मीच, तुझा तम्मा, धाकटा भाऊ सिद्धराम.

सव्वीस वर्सांत तुला एक ओळ लिहिली न्हाय. तू येशूची झालीस म्हणून आपल्या वडलांनी, अण्णांनी तुला उंबऱ्याबाहेर काढलं, तवा दाराची कडी मीच लावली होती. तरी दर नाताळाला मिरजेहून तुझं कार्ड शुक्रवार पेठेतल्या घरी येत राहिलं. मी एकाचंबी उत्तर दिलं न्हाय, पण एकबी फाडलं न्हाय. त्या कार्डावरचा पत्ता बघूनच लिहितोय. जे केलं त्येची माफी कशी मागायची ते मला कळत न्हाय, म्हणून आज मागत न्हाय. आज दुसरंच सांगायचंय.

आधी माझं सांगतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एकतीस वर्सं टॉवेलच्या मागावर काढली. त्या खडखडाटानं कान गेले. उजव्या कानात तोंड घालून बोललं तर थोडं कळतं, फोनवर काय न्हाय. दोन वर्सांमागं कारखाना बंद पडला. आता फॉरेस्टवाल्यांनी माळावर ठेवलंय रोजंदारीनं. हरणं, खोकड, पाखरं ह्यांच्यासाठी सिमेंटचा पाणवठा बांधलाय, त्येची राखण करायची. टँकर आला की भरून घ्यायचा, कोण जनावर येतं ते वहीत लिहायचं. सहा दिवस हितं चौकीवर, रविवारी घरी.

तर अक्का, ह्या पाणवठ्यावर सकाळी आठ-साडेआठला पखुर्ड्या येतात. पखुर्डी म्हंजे पारव्याएवढं पाखरू, मातीच्या रंगाचं. बसलं तर दगड वाटतं. थव्यानं येतात, चार घोट पितात, उडतात. पण एक नर हाय. सगळी उडाली तरी हा मागं राहतो. पाण्यात पोटापर्यंत उतरतो, छातीची पिसं फुलवतो आणि अंग असं डुलवतो, जशी बाई पिळायच्या आधी लुगडं पाण्यात खळबळते. पाच-सात मिनटं. वर ससाणा फिरत असतो, ह्येला ठावं असतं, तरी उठत न्हाय. मग जड अंगानं उडतो आणि दक्षिणेला जातो. रोज.

मी बायकोला, ईरम्माला सांगितलं. ती म्हणाली, "पाखराला बी उकडतंय की." पण बाकीची का न्हाय करत? हा एकटाच का? दुसऱ्या कुणाला इचारावं असं माणूस न्हाय मला. तू देवाधर्माची, शिकलेली. म्हणून तुला इचारतो.

ईरम्मा बरी हाय. आमचा पोरगा मल्लेश पुण्याला कंपनीत हाय, त्येचंबी बरं चाललंय.

सिद्धराम

*

मिरज, १५ मार्च २०२५

प्रिय तम्मा,

पोस्टमन पाकीट देऊन गेला आणि मी दारातच बसले. तुझं 'स' अजून तसंच आहे, शेपूट लांब सोडलेलं. पत्र तीनदा वाचलं. दोनदा मनात आणि एकदा मोठ्यानं.

माफीचं ओझं घेऊन लिहू नकोस. तू लिहिलंस, मला पुष्कळ झालं.

मी पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते. आता निवृत्त आहे, दोन खोल्यांत राहते, गुडघे सोडले तर ठणठणीत आहे. ईरम्माला माझा नमस्कार सांग. मल्लेश बरा आहे हे वाचून समाधान वाटलं.

तुझ्या पाखराचं उत्तर मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. आम्हाला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती: आधी रोग्याकडे नीट बघायचं, मग तोंड उघडायचं. तो दक्षिणेला जातो म्हणतोस ना? मग कुठे जातो ते बघ. हळू जा, त्याला भिववू नकोस. आणि जे दिसेल ते सगळं लिही, बारीकसारीकसुद्धा. इथे तुझ्या पत्राची वाट बघितली जाते.

तुझी चंद्रव्वा

*

मार्डीचा माळ, २५ मार्च २०२५

अक्का,

बघितलं! आठ दिवस लागले. रोज तो उडाला की जितवर दिसंल तितवर नजर लावायची आणि दुसऱ्या दिवशी तितनं पुढं जाऊन गवतात पालथं पडायचं. वय अठ्ठावन्न, लोकांनी बघितलं असतं तर म्हातारा खुळा झाला म्हणाले असते.

पाणवठ्यापासनं कोसभर लांब, नुसता मुरूम हाय तितं. तो उतरला आणि छाती काढून ताठ उभा राहिला. आणि अक्का, त्या मुरमातनं तीन पिल्लं उठली. त्याआधी मी तितं दोनदा बघितलं होतं, मला खडेच दिसले होते. तिघंबी धावली आणि बापाच्या पोटाखाली शिरली. चोची वर करून त्येची पिसं एकेक करून चोखायला लागली. पाणी पीत होती! कोसभर लांबनं बापानं छातीवर आणलेलं पाणी. तो हलला न्हाय. एकानं दुसऱ्याला ढकललं तर हा जरासा वळला, धाकट्याला जागा करून दिली. सगळं संपल्यावर मातीत अंग घासून कोरडा झाला.

मी पालथाच पडून राहिलो. डोळ्याला पाणी लागलं, ते पुसायचंबी सुचलं न्हाय.

आता ऐक. मी टॉवेलचा माणूस. कोणतं कापड पाणी पितं आणि कोणतं ढकलतं ते मला हातानं कळतं. पाणवठ्याच्या काठाला त्या नराची गळालेली पिसं सापडली, एक पाठीचं, एक छातीचं. चौकीवर बशीत ठेवून थेंब सोडला. पाठीच्या पिसावरनं थेंब मोत्यासारखा घरंगळला. छातीच्या पिसावर सोडला तर पिसाचे बारीक तंतू, आधी पिळा घालून निजल्यासारखे, ते उलगडले. उभे राहिले. जसा टॉवेलचा लूप उभा राहतो. आणि थेंब धरून ठेवला. बशी उलटी केली तरी सांडला न्हाय. मादीचं पीस बी घेऊन बघितलं, तिच्यात ही कारागिरी तेवढी न्हाय.

एकतीस वर्सं मी ताणा-बाणा बघितला. आमचा नवा टॉवेल पहिल्या धुण्यापर्यंत पाणीच पीत न्हाय, खळ असते त्यात. लूप जरा आखूड पडला तर मास्तर ठाण फेकून द्यायचा. आणि हितं एकाच अंगावर दोन कापडं, पाठीला पाऊस झाडणारं, छातीला पाणी धरणारं. उडताना वाऱ्यानं सुकू नये म्हणून तंतू आतल्या अंगाला. अक्का, कापड आपोआप विणलं जात न्हाय. धोटा फेकणारा कुणीतरी असतो. ते पीस हातात घेऊन मी मनात त्याला रामराम घातला, नाव ठावं नसताना. एवढा मोठा कारागीर, आणि लक्ष कुटं? तर मार्डीच्या मुरमात तीन पिल्लांच्या तहानेवर.

अण्णा देवाला भीत होते. मीबी भिऊनच वाढलो. देव म्हंजे चुकलं की वसूल करणारा. असला देव मला कधी कुणी दाखवला न्हाय. तुझा देव असला हाय का?

सिद्धराम

*

मिरज, ३० मार्च २०२५

प्रिय तम्मा,

हो. असलाच आहे.

मी तिशीत असतानासुद्धा रात्रंदिवस भ्यायचे, तुला आठवत असेल. देवाला, अण्णांना, लोकांना. दवाखान्यात एक म्हातारी सिस्टर होती. कुष्ठरोग्यांचे पाय धुताना ती गुणगुणायची. मी विचारलं, किळस येत नाही का? ती म्हणाली, "माझे पाय आधी कुणीतरी धुतलेत, बाई." मग तिनं मला येशूचं सांगितलं. तो शिष्यांपुढे गुडघे टेकून बसला, त्यांचे धुळीचे पाय त्यानं हातात घेतले. देव माणसापुढे वाकला, हे मी पहिल्यांदा ऐकलं आणि माझी भीती त्या दिवशी संपली. त्यानं लोकांना पाखरांकडे बघायला सांगितलं होतं. मी माणसांच्या जखमांतून त्याच्यापर्यंत आले. तू पाखराच्या पिसातून येतो आहेस. वाट कुठलीही असो, बोलावणारा तोच.

तुझ्या कारागिराला मी बाप म्हणते. येशूनंच तसं म्हणायला शिकवलं. आणि बापाशी बोलायचं असतं. नवस बोलू नकोस, तू अमुक दिलंस तर मी तमुक करीन असा सौदा करू नकोस. मला लिहितोस तसं त्याच्याशी बोल. जे खरं आहे तेवढंच बोल.

शेवटची ओळ मी स्वतःलाही सांगते आहे.

पिल्लांचं पुढे काय झालं ते लगेच कळव. धाकट्याला जागा करून दिली ते इथे दोनदा वाचलं गेलं.

तुझी चंद्रव्वा

*

मार्डीचा माळ, ११ एप्रिल २०२५

अक्का,

लई दिवस लिहिलं न्हाय. कारण घडलंच तसं.

गेल्या आठवड्यात टँकरचा अॅक्सल तुटला. आज येतो, उद्या येतो करत चार दिवस गेले. पाणवठा आटला, तळाला चिखल, मग तोबी सुकला. बाकीचा थवा लांबच्या तलावाला गेला. हा नर मात्र रोज यायचा, कोरड्या सिमेंटवर उतरायचा, इकडं-तिकडं बघायचा. तितनं तलाव चार कोस, तेवढ्या लांबनं आणलेलं पाणी वाटंतच सुकणार.

मी सायकलला दोन कॅन बांधले आणि गावच्या आडावरनं पाणी आणायला लागलो. चाळीस लिटर पाण्यानं पाणवठ्याचा तळ ओला होतो, बाकी ऊन पितं. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. चौथ्या सकाळी सायकलवर टांग टाकता येईना. पाणवठ्याच्या काठावर बसलो. नर समोर उतरला होता, माझ्यापास्नं दहा हातांवर, चोच उघडी.

तवा तू सांगितलं तसं बोललो. बाप म्हणायला जीभ वळली न्हाय. का ते पुढं सांगतो. मी म्हणालो, "मालक, ह्येला तू विणलंस. ह्येची पिल्लं तहानलीत. माझा पाय चालत न्हाय. मला दुसरं काय येत न्हाय. पाणी दे." एवढंच.

मला ऐकू येत न्हाय, म्हणून आधी धूळ दिसली. ट्रॅक्टर. मागं पाण्याची टाकी. चालवणारा शेखलाल, शेजारचा डाळिंबवाला. अक्का, ह्या माणसाच्या शेळ्या मी गेल्या साली राखीव गवतात धरून दिल्या होत्या. त्येला दंड झाला, तवापासनं समोर आला तर थुंकायचा. तो उतरला, माझ्या कानाशी आला आणि ओरडला, "तीन दिन से देखरा मैं. पाँव घसीटते फिररे तुम. बकरियाँ का झगडा अलग, प्यास का अलग. पाइप धरो!"

पाणवठा काठोकाठ भरला. मी त्येचे हात धरले. तो म्हणाला, "सुबह से बाग में पानी देना था मेरे को. टाकी भरके निकला तो उधर जाना छोडके इधर कू आ गया. कायकू, अल्ला जाने." टँकर येईतवर तो दोन दिवसाला टाकी टाकत राहिला.

नर त्याच सकाळी भिजून उडाला. मी काठीच्या आधारानं मागं गेलो. पिल्लं दोनच होती. धाकटं न्हाय. मुंगसाच्या पायाचे ठसे होते. बाप दोघांना पाजून बराच वेळ तसाच उभा राहिला, तिसऱ्यासाठी. अक्का, पाणी देणाऱ्यानं ते एक का सोडलं?

आणि आता खरं. तूच म्हणालीस, खरं तेवढंच बोल.

मल्लेश पुण्याला न्हाय. कुटं हाय ते मला ठावं न्हाय. चौदा म्हयने झाले. पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास होऊन आला होता. मी कारखाना बंद पडल्याच्या रागात होतो. भर गल्लीत, लोकांसमोर, मी त्येला म्हणालो, "तू मेला असतास तर एकदा रडून मोकळा झालो असतो." त्यानं चप्पल घातली आणि गेला. लोकांना मी पुण्याचं सांगत राहिलो. तुलाबी तेच लिहिलं. ईरम्मा रडतबी न्हाय. आधी रोज रडायची, मग एक दिवस थांबली. बाईचं काळीज दगड झालं बघ माझ्यापायी.

ते पाखरू कोसभर लांबनं छातीवर पाणी आणतंय आणि मी माझ्या लेकराच्या तोंडात काय घातलं? म्हणून बाप म्हणवत न्हाय. पण काल माळावर मी मागितलं. "कुटं असंल तितं त्येला कुणीतरी घोटभर पाणी द्या. डोक्यावर छप्पर असू दे. मला दिसला न्हाय तरी चालंल." तूबी तेवढंच माग.

सिद्धराम

*

मिरज, १६ एप्रिल २०२५

तम्मा,

हे पत्र घरी, बसून वाच. आणि पूर्ण वाच.

तुझा मल्लेश माझ्या घरी आहे. चौदा महिने इथेच आहे.

माझ्या नाताळाच्या कार्डावरून पत्ता घेऊन तो आला होता. अंगात ताप होता आणि डोळ्यांत त्याहून वाईट काहीतरी. मी पस्तीस वर्षं ती नजर पाहिली आहे. ज्या माणसाची अशी नजर असते त्याला एका रात्रीपुरतंसुद्धा एकटं सोडायचं नसतं. त्यानं एकच अट घातली. "आत्या, आप्पांना कळवलंस तर त्याच दिवशी निघून जाईन." कुठे जाईन ते तो बोलला नाही, पण मला समजलं. मी शब्द दिला. ईरम्माला मात्र तिच्या शेजारणीच्या फोनवर कळवलं की पोर जिवंत आहे. तिलाही मी शपथ घातली. तिचं काळीज दगड झालेलं नाही, सिद्धराम. तिचं रडणं थांबलं कारण तिला ठाऊक होतं.

तू 'मल्लेश पुण्याला बरा आहे' असं लिहिलंस तेव्हा तो समोर बसून चहा पीत होता. मीही तुला साळसूदपणे उत्तर दिलं. खोटं तू लिहिलंस, तसंच मीही लिहिलं.

तुझी पत्रं मी त्याला मोठ्यानं वाचून दाखवली. पहिल्या पत्राला तो उठून गेला. दुसऱ्या पत्राला बसून राहिला. कालचं पत्र त्यानं माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं आणि म्हणाला, "आता कळव." म्हणून आज लिहिते आहे.

तो दवाखान्याच्या वर्कशॉपमध्ये खाटा आणि व्हीलचेअर दुरुस्त करतो. हात तुझ्यासारखे आहेत. जेवतो, झोपतो, हल्ली हसतोही.

त्या तिसऱ्या पिल्लाचं उत्तर माझ्याजवळ नाही. वॉर्डात मी पुष्कळ लेकरं जाताना पाहिली. प्रत्येक वेळी विचारलं, का? उत्तर मिळालं नाही. पण मी एकटी होते असंही कधी झालं नाही. एवढंच मला खात्रीनं सांगता येतं.

रागावलास तर तुझा हक्क आहे.

चंद्रव्वा

*

पोस्टकार्ड. सोलापूर, २० एप्रिल २०२५

तुझं पत्र मिळालं. बायकोला ठावं, बहिणीला ठावं, शेजारणीला ठावं. एकटा बापच परका. यापुढं लिहू नको.

सिद्धराम

*

मिरज, २८ एप्रिल २०२५

आप्पा,

आत्याला लिहू नको म्हणालात, म्हणून मी लिहितो आहे.

तिच्यावर रागावू नका. शब्द मी बांधून घेतला होता. तिनं दर रविवारी विचारलं, "आता कळवू?" आणि मी दर रविवारी नाही म्हणालो.

तुम्ही त्या दिवशी बोललात ते मी विसरलेलो नाही. खोटं कशाला बोलू. पण माझा बाप गवतात पालथा पडून पाखराची पिल्लं बघतो आणि रडतो, हा माणूस मला माहीतच नव्हता. मी चोवीस वर्षं त्याच्या घरात राहिलो. हा आधी कुठे होता? आत्या वाचत होती आणि मला राग यायचा की मी तिथे का नाही.

सुजलेल्या गुडघ्यानं कॅन ओढू नका. हँडल धरून ढकलायचा एक गाडा मी इथे जुन्या व्हीलचेअरच्या चाकांचा बनवला आहे. त्यावर ऐंशी लिटर सहज जाईल. पोस्टानं पाठवता येत नाही.

घेऊन येऊ का?

मल्लेश

*

मार्डीचा माळ, १४ मे २०२५

अक्का,

पोस्टकार्डात तुला काय काय लिहिलं, आता आठवलं की लाज वाटते. सगळं क्रमानं सांगतो.

तुझं पत्र वाचून मी घरात ताट फेकलं. ईरम्माला म्हणालो, "तूबी?" ती पहिल्यांदा माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली, "व्हय, मीबी. तुमाला सांगितलं असतं तर तुमी मिरजेला जाऊन त्येला आनि चार शब्द ऐकिवले असते. खरं का न्हाय?" खरं होतं. मी त्या दिवशी उठून माळावर आलो.

दहा-बारा दिवस मी कुणाशी बोललो न्हाय, मालकाशीबी न्हाय. वहीत जनावरं लिहायची आणि पडून राहायचं. मग एका सकाळी वही भरताना मागची पानं चाळली गेली. तारखा बघत होतो. अकरा एप्रिलला मी तुला लिहिलं. त्येच्या आदल्या दिवशी मागितलं होतं, त्येला कुणीतरी पाणी द्या, छप्पर द्या. आणि ते छप्पर चौदा म्हयन्यांमागंच दिलेलं होतं! मी तोंड उघडायच्या आधी. आणि कुणाच्या हातानं? जिच्या तोंडावर मी दार लावलं तिच्या हातानं. अक्का, मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. माझा सगळा राग एकच होता, मला सांगितलं न्हाय. पण मी मागितलं काय होतं? 'मला दिसला न्हाय तरी चालंल' असंच तर म्हणालो होतो. देणाऱ्यानं जे मागितलं ते दिलं. रागावायला जागाच उरली न्हाय. मी काठावर गुडघे टेकले आणि तवा कुटं मला बाप म्हणता आलं. त्येच्यापुढं, येशूच्या नावानं. तू म्हणतेस तसा तो वाकला असंल तर माझ्यासारख्याकडं वाकूनच बघावं लागतं त्येला.

त्याच दिवशी पोस्टमननं मल्लेशचं पत्र चौकीवर दिलं. मी उलट टपाली एकच शब्द लिहिला, ये.

तो परवा आला. एसटीच्या टपावर गाडा टाकून, फाट्यावर उतरून, तीन कोस चालत. मी पाणवठ्याशी बसलो होतो. मला पाठीमागनं काय ऐकू येत न्हाय. खांद्यावर हात पडला तवा वळलो. दाढी राखलीय गं त्यानं! मी उठायला गेलो, गुडघा सरळ होईना, तर तोच खाली बसला. मी म्हणालो, "त्या दिवशी जे बोललो..." त्यानं माझ्या उजव्या कानाशी तोंड आणलं. "आप्पा, ते एकदा बोलून टाका आणि मग पुन्हा नको." मग मी बोललो. माझं तोंडच घाण होतं, तुझ्यात काय खोट नव्हती, असं सगळं. तो ऐकत राहिला. 'जाऊ द्या' म्हणाला न्हाय. ते मला बरं वाटलं. जाऊ द्यायसारखं ते नव्हतंच.

मग मी इचारलं, "तू प्रार्थना करतोस का आत्यासंगं?"

"ती करते. मी जवळ बसतो."

"मग आज मी करतो. तू बस."

केली मोठ्यानं. मला माझा आवाज कळत न्हाय, म्हणून किती मोठ्यानं ते तोच सांगंल. हसत म्हणाला, लांबची दोन हरणं पळाली. तो अजून विश्वास ठेवतो का न्हाय, मी इचारलं न्हाय. मला अठ्ठावन्न वर्सं लागली, त्येला कसली घाई करू?

आता अजून पंधरा दिवस तो हितंच राहणार हाय. सकाळी आमी दोघं लपून बसतो. पिल्लं उडायला लागलीत, आता आईबापासंगं थव्यात पाण्यावर येतात. ससाणा आला की मल्लेश माझा हात दाबतो, कारण पाखरांनी इशारा दिलेला मला ऐकू येत न्हाय. शेखलाल गाडा बघून गेला, त्येला तसाच एक पायजे.

गेल्या रविवारी मी सोलापुरात तुझ्या लोकांच्या प्रार्थनेला गेलो. एकटाच, मागच्या बाकावर. एका म्हातारबांनी पुस्तकातलं पान काढून दिलं. गाणं ऐकू आलं न्हाय, पण बाक लाकडाचा हाय, सगळी गायला लागली की तो हातांखाली थरथरतो. मी दोन्ही तळवे टेकून बसलो होतो.

आता ईरम्माचा निरोप. लेकरासाठी तीबी माळावर आलीय, शेजारी बसून सांगतीय, जसा हाय तसा लिहितो. "वन्सं, लेकराला तुमी संभाळलंसा. आता मला तुमच्या हातात काय तरी घालू द्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, येसराची आमटी करते. अजून तिखट सोसतं का तुमाला, का मिरजेनं जिभेची सवय घालवली?"

ह्येचं उत्तर पत्रानं देऊ नको. येऊन दे.

तुझा तम्मा
सिद्धराम